रंगाचं नाव न घेणारे आप्पा

घाटनांदूरच्या बाजारपेठेत मन्मथआप्पांनी चाळीसएक वर्षं साड्या विकल्या आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून एकाही रंगाचं नाव मी ऐकलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल. साडीचं दुकान म्हणजे दिवसभर रंगांचीच बडबड. डाळिंबी दाखवा, मोरपंखी काढा, अंजिरी हाय का, पिस्ता नको, राणी द्या. हे सगळं बोलायचं ते गिऱ्हाइकानं. आप्पा गादीवर मांडी घालून बसलेले, कपाळाला विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, आणि तोंडात एकच वाक्य. "पारख तुमची, माल आमचा."

एखादी बाई म्हणायची, "आप्पा, ती हिरवी काढा."

"कंची?"

"ती की हो. हिरवी."

"मावशे, बोट दाव. वरून कितवी?"

"दुसरी."

"आसं सांग की मग!"

दुसरी एखादी साडी हातात घेऊन विचारायची, "आप्पा, ह्याला काय म्हणायचं? जांभळी म्हणायची का निळी?" तर आप्पा हात जोडायचे. "माय, तुज्या डोळ्याला दिसंल ती. आमी बापय माणसं, आमाला काय कळतंय त्यातलं? पारख तुमची, माल आमचा." बायका खूश व्हायच्या. लातूरचा दुकानदार अंगावर साडी टाकतो आणि 'हीच घ्या, हीच शोभते' म्हणून मागे लागतो. हा एक माणूस आपल्या नजरेला मान देतो, असं त्यांना वाटायचं. घरी नवरा विचारत नाही, सासू विचारत नाही, कपड्याच्या दुकानात तरी कुणी विचारतंय! आमचे हे, म्हणजे माझे मालक, म्हणायचे की मन्मथसारखा धंद्यात पक्का माणूस तालुक्यात नाही.

माझं दुकान आप्पांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून. आम्ही कासार, आमचा धंदा बांगड्यांचा. समोर ओटा दोघांचा मिळून एकच. त्यांच्याकडे घेतलेली साडी पिशवीतून पहिल्यांदा बाहेर निघायची ती माझ्याकडे, मॅचिंग बांगड्या बघायला. त्यामुळे आप्पांच्या दुकानातलं जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसायचं. माझा स्वभावच बघायचा आहे. शाळेत चार बुकं शिकले तेवढीच, बाकी सगळं शिक्षण ओट्यावर बसून.

आप्पांच्या दुकानात साडीची जागा म्हणजे जागा. मोडलेली घडी गिऱ्हाइकानं परत ठेवलेली त्यांना खपायची नाही. नोकरानं ठेवलेली तर अजिबात नाही. "जागा सोडू नको तिची!" असं ओरडायचे की रस्त्यावरची शेळी दचकायची. एकही नोकर टिकला नाही. आतल्या बाजूला त्यांच्या बायको गौराबाई पाटावर बसलेल्या असायच्या. सुरतेचा गठ्ठा आला की तो त्याच फोडायच्या आणि कोणती कुठे, ते त्याच लावायच्या. मग आप्पा एकदा सगळ्या कप्प्यांवरून हात फिरवायचे, काठ चाचपायचे, पोत बघायचे, झालं. पाठ. तेव्हा लोडशेडिंगचा काळ. दिवे गेले की बाकीचे कापडवाले हात बांधून बसायचे आणि आप्पा अंधारात हात घालून बरोबर मागितलेली साडी काढायचे. लोक म्हणायचे, आप्पांच्या बोटांना डोळे आहेत.

आता बोटांना डोळे का लागतात, हे कुणी विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी त्यांची गंमत बघावी. टमाटे घ्यायला बसले की ढीगभर टमाटे एकेक करून दाबायचे. माळीण शिव्या घालायची. "आप्पा, डोळे फुटले का? लाल हाय त्यो पिकलाय, हिरवा हाय त्यो कच्चा हाय. दाबताव कशाला?" आप्पा शांतपणे म्हणायचे, "दिसतं तसं नसतं, बाई." एवढं बोलून पुढचा दाबायचे. बाजारपेठेत घरोघर रंगीत टीव्ही आले, छत्र्या लागल्या, केबल आली. आप्पांकडे तोच जुना काळा-पांढरा. पोरं म्हणायची, "आप्पा, रंगीत घ्या की आता." तर म्हणायचे, "बातम्या त्याच हायत न्हवं?"

आम्ही हसायचो. चिक्कू माणूस म्हणायचो. पण चिक्कू म्हणावं तर लेकीच्या लग्नात ह्याच माणसानं पाटा-वरवंट्यापासून सगळं दोन-दोन दिलेलं.

गौराबाई गेल्या आणि पहिल्याच लग्नसराईत घोटाळा झाला. युसूफ वडगाव ह्या गावच्या एका घरचा बस्ता होता. आमच्याकडे लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून एकाच बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची माणसं, टेम्पो भरून. नवरीचा शालू हिरवा ठरला. आमच्याकडे नवरीला हिरवा शालू आणि हिरवा चुडा, त्यात कुणी इकडचं तिकडे करत नाही. गर्दीत शालू बाजूला पडला, आप्पांनी उचलून बांधला, गठ्ठा गेला. मांडवात उघडला तर निघाला चॉकलेटी.

नवरीचा चुलता मोटारसायकलीवर आला तो दुकानात बुटासकट चढला. "आप्पा! ही काय हाय? नवरीला काय सांगितलतं आन काय दिलं तुमी?"

आप्पा ढिम्म. "बसा. पाणी घ्या. सुरतेत सध्या काय चाललंय, ठाव हाय का?"

"मला सुरतेचं काय करायचंय?"

"जुनं गेलं आता. पोरी टीव्ही बघत्यात. हेच चाललंय सगळीकडं. तुमच्या पोरीला पहिल्यांदा मिळालं म्हणा की."

चुलता गप्प झाला. टीव्हीत चाललंय म्हटल्यावर त्या काळात माणूस गप्पच व्हायचा. आणि पुढच्या लग्नसराईत तीन पार्ट्यांनी 'वडगावच्या नवरीसारखा' शालू मागितला. ह्याला बाजार म्हणतात.

पण त्या दिवशी चुलता गेल्यावर आप्पा दोन साड्या घेऊन माझ्या बाजूला आले. "वैनी, ह्या दोन्हीवर बांगड्या कुठल्या जातील? जरा काढा बरं."

मी एकीवर हिरव्या ठेवल्या, एकीवर चॉकलेटी. आप्पा साड्यांकडे बघेनात. बांगड्यांकडेच बघत बसले.

"दोन्हीला निराळ्या काढल्या का तुमी?"

"मग? साड्या निराळ्या हायत की, आप्पा."

"हां. निराळ्याच हायत," ते म्हणाले. आणि साड्या उचलताना बांगड्यांची जोडी त्यांनी ज्या साडीवर जी होती तिच्यावर तशीच धरून नेली, जपून, जशी काही ती सांडणार आहे.

त्या दिवशी मला कळलं. त्यानंतर सुरतेचा गठ्ठा आला की आप्पा एकेक साडी घेऊन यायचे आणि मी डब्यातून बांगड्या काढता काढता आपल्याशीच बोलल्यासारखी मोठ्यानं बोलायचे. "ही मेहंदीवर मेहंदी. ही डाळिंबीवर डाळिंबी." ते ऐकायचे, जाऊन लावायचे. दोघांत ह्या विषयावर अवाक्षर झालं नाही. मालकांना वाटायचं, मन्मथ आपल्या दुकानाला गिऱ्हाईक लावून देतोय.

आप्पांना एकच लेक, महानंदा. आम्ही नंदा म्हणायचो. ती धारूरला दिलेली. जावयाचं, विश्वनाथचं, भुसार दुकान. घरात सासू रत्नाबाई, तिच्या जिभेला कुलूप नाही. नंदाला एकुलता एक मुलगा, उमेश. तो सुट्टीला आजोळी आला की आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनावर जाऊन बसायचा. मालगाडी शंटिंग करत असली तर जेवायलासुद्धा यायचा नाही. मोठा झाला, आयटीआय केली, रेल्वेची परीक्षा दिली, इंजिन चालवणाऱ्याच्या हाताखालच्या जागेची, आणि पास झाला. आप्पांनी पेढे वाटले. अख्ख्या पेठेला. त्या दिवशी ह्या माणसानं कुणाला 'पारख तुमची' म्हटलं नाही, नुसतं 'नातू माझा' म्हणत फिरले.

मग सिकंदराबादला तपासणी झाली आणि पोरगं परत आलं. डोळ्यांत नापास. चष्मा नाही, मोतीबिंदू नाही. रंग ओळखता येत नाहीत म्हणाले. लाल कोणता, हिरवा कोणता. सिग्नल बघायची नोकरी, ते तरी काय करणार?

धारूरला रत्नाबाईनं एका दिवसात शोध लावला. उमेश पोटात असताना ग्रहण लागलं होतं. तेव्हा म्हणे नंदा चुलीपुढे बसून भाजी चिरत होती. गरोदर बाईनं ग्रहणात चिरू नये, कापू नये, असं आमच्याकडे पाळतात. "हिनं इळी चालवली आन माझ्या नातवाचे डोळे कापले," हे वाक्य त्या बाईनं दारात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. विश्वनाथ आईच्या पुढे बोलणाऱ्यातला नव्हता. नोकरी गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता, तो आयता सापडला.

उमेश आजोळी आला, त्याला कुणी मित्रानं सांगितलं होतं की ही तपासणी आता कॉम्प्युटरवर पण होते, इंटरनेटवर. सराव केला तर पुन्हा अर्ज करता येईल, असं त्याच्या डोक्यात. आप्पा म्हणाले, चला. मला अंबाजोगाईला माल घ्यायचा होता, मीही निघाले.

अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्यावर नेट कॅफे नवा निघाला होता. प्लायवूडची खोकी, प्रत्येक खोक्याला पडदा. आत कॉलेजची पोरं पोरींशी गप्पा मारत बसलेली. पांढरं धोतर, टोपी आणि विभूती असा म्हातारा आत शिरला तसे पटापटा पडदे ओढले गेले. कॅफेवाला बिचारा चांगला होता. त्यानं आम्हाला स्टुलं दिली, खटाखट काही दाबलं आणि पडद्यावर एक मोठं गोल आलं. गोलात बारीक-मोठे ठिपकेच ठिपके, जसा काही माझा फुटक्या बांगड्यांचा डबा कुणी उपडा केलाय. त्या ठिपक्यांत मधोमध एक आकडा.

"काय दिसतं ते सांग," कॅफेवाला उमेशला म्हणाला.

"बारा," उमेश म्हणाला. पुढचं गोल आलं. तो बघत राहिला. "ह्यात न्हाई काही."

"हाय की रे," मी म्हटलं, "आठ!"

पुढचं. त्याला नाही दिसलं. मी म्हटलं, सहा. पुढचं. मी म्हटलं, एकोणतीस. पुढं सत्तावन्न, मग पाच. मी एवढी उत्साहात येऊन आकडे सांगत होते, जशी काही मलाच नोकरी लागणार आहे. पोराच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं.

"सरक बे," आप्पा म्हणाले. "मी बघतो. मशीनच खोटं असंल."

स्टुलावर बसले, टोपी सारखी केली. कॅफेवाल्यानं पुन्हा पहिलं गोल आणलं. आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "बारा." पुढचं. "आठ." पुढचं. "सहा." एकोणतीस, सत्तावन्न, पाच. एकही चूक नाही. कॅफेवाला चकित. "वा! आजोबांचे डोळे एक नंबर! ह्या वयात!"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मी मघाशी ज्या ओळीनं बोलले होते, तीच ही ओळ होती.

कॅफेवाल्याला उत्साह. "थांबा, पुन्हा एकदा," म्हणाला आणि काही दाबलं. ह्या वेळी पडद्यावर पहिल्याच गोलात पाच होता. मला साफ दिसत होता.

"बारा," आप्पा म्हणाले.

पुढच्यात सत्तावन्न. "आठ." पुढच्यात बारा, जो उमेशलाही दिसला होता. आप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. "सहा."

कॅफेवाला हसायला लागला. "अहो आजोबा, ह्यात जागा बदलत असते. प्रत्येक वेळी निराळं येतं."

"जागा बदलती?" आप्पा एवढ्या रागानं म्हणाले की एका खोक्याचा पडदा बाजूला झाला. "जागा कावून बदलती? कुणी सांगितलं बदलायला?"

कुणी हसलं नाही. उमेश आजोबाकडे बघत होता. हळूच म्हणाला, "आप्पा, तुमालाबी न्हाई दिसत?"

कॅफेवाल्याला कळेना काय झालं ते. बिचाऱ्यानं खाली लिहिलेलं आम्हाला मराठीत करून सांगितलं. ही नुसती चाळणी आहे, नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. पण बहुतेक वेळा हे जन्मापासून असतं, औषध नाही. आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला काही होत नाही, तिला ते तिच्या वडिलांकडून आलेलं असतं. एवढं वाचल्यावर त्याच्याही ध्यानात आलं आणि त्यानं पैसे घेतले नाहीत.

तिथून उठून डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पुस्तक उघडून दोघांना तपासलं आणि तेच सांगितलं. मी ग्रहणाचं विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही."

परतीच्या गाडीत आप्पा म्हणाले, "हे बाजारात बोलायचं न्हाई." बोलणार कोण होतं? मला वाटलं, विषय संपला. पण उमेशनं घरी जाऊन सांगितलं. आईची बाजू घ्यावी म्हणून सांगितलं पोरानं, की आईचं काही चुकलं नाही, हे आजोबांकडून आलंय. तर धारूरात घर हसलं. मन्मथआप्पा आणि रंग दिसत नाहीत? चाळीस वर्षं साड्या विकणारा माणूस? पोरगं आईला वाचवायला काहीही बोलतंय म्हणाले. रत्नाबाईनं नंदाला दर पौर्णिमेला निर्जळी उपास लावला आणि देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं.

हे कळलं त्या दिवशी आप्पा ओट्यावर येऊन बसले. "वैनी, धारूरला जायचं. मी सांगतो माझ्या तोंडानं."

मी म्हटलं, "आप्पा, दुकान जाईल."

"मग जाऊंद्या."

आम्ही गेलो. चहा झाला. आप्पांनी घसा साफ केला आणि जावयापुढे, विहिणीपुढे, शेजारच्या दोन माणसांपुढे सांगितलं, "मला लहानपणापासून रंग कळत न्हाईत. खोट माज्या रगतात हाय. माज्या लेकीचा गुन्हा न्हाई."

मला वाटलं, आता घर गप्प होईल. कसलं काय! रत्नाबाई उठली आणि दांडीवरून दोन साड्या ओढून आणल्या, एक लाल, एक हिरवी. "सांगा. कंची कंची हाय?"

आप्पांनी दोन्ही हातात घेतल्या. लई वेळ बघितल्या. "मला एकच दिसायल्यात," म्हणाले.

"बघा! बघा! मुद्दाम चुकायलेत!" बाई टाळ्या पिटायला लागली. "आवो, माज्या दोन्ही पोरींचे बस्ते तुमच्याकडं बांधले. एक धागा इकडचा तिकडं झाला न्हाई. आन आता लाल-हिरवं कळत न्हाई व्हय?"

"ते गौरानं काढलतं."

"मेलेल्या माणसाची साक्ष काढताव?"

मी बोलले. मी म्हटलं, विहीणबाई, मी शेजारी आहे, मला ठाऊक आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. तर विश्वनाथ म्हणाला, "काकू, तुमी त्यांच्याच बाजूच्या. डॉक्टराचं काय, पैसे टाकले की कागद मिळतो." मग आप्पांकडे वळून, "मामा, लेकीसाठी बाप खोटं बोलतो हे आमाला कळत न्हाई का? तुमच्यासारखा यापारी तालुक्यात न्हाई."

चाळीस वर्षं ज्या माणसानं दिसत नसताना दिसतंय असं जगाला पटवलं, त्याला दिसत नाही हे पटवता येईना. नंदा स्वयंपाकघराच्या दारात पदर ओढून उभी होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

आणि गंमत ऐका. धारूरात जे कुणी मानलं नाही, ते घाटनांदुरात सगळ्यांनी लगेच मानलं. आम्ही ज्या गाडीनं आलो त्याच गाडीनं बातमी आली असावी. दुसऱ्या दिवसापासून पोरं दुकानापुढे उभी. "आप्पा, माजा शर्ट कंच्या रंगाचा?" बायका जुन्या साड्या घेऊन भांडायला आल्या. "आप्पा, ही तुमी मला अंजिरी म्हणून दिली आन धुतल्यावर निराळीच निघाली."

"मी अंजिरी म्हणलतो का?" आप्पा विचारायचे. "आठवून सांग, माय. माज्या तोंडातनं कंच्या रंगाचं नाव कधी निघालतं का?" बाई आठवायला लागायची, आठवायचं नाही, मग जास्तच चिडायची. हा माणूस रंगाचं एकदाही खोटं बोलला नव्हता, ह्याचाच लोकांना जास्त राग आला. ज्या बायकांना वर्षानुवर्षं आपल्या नजरेचा मान वाटला होता, त्यांना आता आपण फसवले गेलो असं वाटलं. बसस्टँडजवळ भिंतीभर आरसे लावलेलं नवं दुकान निघालंच होतं, पंजाबी ड्रेसचं. सगळ्या तिकडे गेल्या. वडगावची तर एक बाई त्या चॉकलेटी शालूवरून आप्पांना ओट्यावर येऊन बोलून गेली. तिनं तसलाच पुढच्या लग्नसराईत हौसेनं मागून घेतला होता.

उमेश पुण्याकडे एका कंपनीत लागला. आप्पा महिन्या-दोन महिन्यांनी धारूरला जायचे आणि दर वेळी मला घेऊन. "चला वैनी, एकट्यानं बरं दिसत न्हाई." मला वाटायचं, बाईमाणूस सोबत असलं की विहीण जरा नीट बोलते, म्हणून नेत असतील. गेलं की नंदाला म्हणायचे, "वैनीजवळ बस. बांगड्या भरून घे. उजेडाला बस." मी बांगड्या भरायचे, ते समोर बसून चहा प्यायचे. येताना विचारायचे, कशी वाटली? मी म्हणायचे, बरी हाय.

दिवाळीच्या आधी एकदा असेच गेलो. नंदानं पदर डाव्या बाजूनं घट्ट ओढलेला. मी हात धरून बांगडी चढवत होते, जरा घट्ट होती, तिनं कळवळून मान वळवली आणि पदर सरकला. गालावर, कानापर्यंत, बोटं उमटलेली. जांभळी. तिनं माझ्याकडे बघितलं, पदर ओढला आणि हात पुन्हा पुढे केला.

आप्पा समोरच होते. हातभर अंतरावर. त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, "जरा वाळलीस ग, नंदे." म्हणाले आणि चहा पिऊन उठले.

मला गाडीत बसेपर्यंत दम निघेना. बाप आहे का कोण आहे? बघून गिळलं म्हणावं तर चेहरा तसाच, कोरा. घाट उतरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

"वैनी," आप्पा म्हणाले. "एक इचारू का? खरं सांगायचं."

"काय?"

"माज्या नंदीच्या तोंडावर काय उमटलेलं हुतं का?"

मी वळले. "आप्पा, तुमी समोर बसलता. तुमाला न्हाई दिसलं?"

"अंगावर उमटलेलं मला दिसत न्हाई, वैनी. कधीच दिसलं न्हाई. लहानपणी तिला गोवर आलता तवा गौरा म्हणायची, बघा किती आलाय. मी हात फिरवून बघायचो तिच्या अंगावरून. आता सासरी, चार माणसांत, एवढ्या मोठ्या लेकीच्या गालावरून हात कसा फिरवू? म्हणून तर तुमाला संगं नेत हुतो."

गाडी चालली होती. मी सांगितलं. "हाय, आप्पा. डाव्या गालावर. हाताची बोटं हायत."

त्यांनी मान हलवली. अंबाजोगाईच्या स्टँडवर मला घाटनांदूरच्या गाडीत बसवलं, माझी पिशवी वरती ठेवली आणि खाली उतरले. "तुमी जावा. मी मागं जातो." मी खिडकीतून बघितलं, ते धारूरच्या गाडीकडे चालले होते, पाटी वाचत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदाला घेऊन आले. एक बॅग, बस. धारूरला काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, नंदानंही नाही. स्टँडपासून दोघं भर पेठेतून चालत आली. आरशांच्या दुकानातल्या बायका दारात येऊन बघत होत्या. नंदाचा पदर खांद्यावर होता. ज्याला बघायचं त्यानं बघून घेतलं.

नंदा दुकानात बसायला लागली. गिऱ्हाईक काही परत आलं नाही, ते यायचंही नव्हतं. आप्पा रोज सकाळी दुकान उघडलं की मला हाक मारायचे. "वैनी, जरा बघा बरं तिच्याकडं." मी बघायचे, सांगायचे. उतरायलंय. कमी झालंय. मग एक दिवस म्हटलं, गेलं. काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. "वैनी, जरा बघा बरं."

दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी तेच. शेवटी मी चिडले. "आप्पा, गेलं की ते! किती दिवस झाले! लेक तुमच्यापुढं बसलीय, हसायलीय, बघा की तुमी."

आप्पा म्हणाले, "तुमाला दिसलतं, म्हणून तुमाला गेलेलं कळतंय. मला तवाबी तिचं तोंड आसंच दिसत हुतं, वैनी. आताबी आसंच दिसतंय."

नंदा साडीची घडी घालत होती. हात थांबले तिचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारायच्या आत मी ओट्यावरून पलीकडे गेले, नंदाची हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडे वळवला, दोन्ही गाल नीट बघितले आणि त्यांना सांगितलं.